रिकामे रकाने

आंतरशालेय सामन्यांत मुलांच्या संघाचं स्कोअरबुक मी लिहायचे, हे वर्गातल्या काहींना आठवत असेल. माझं अक्षर बरं होतं, म्हणून सरांनी माझी निवड केली. निर्धाव चेंडूला ठिपका, विकेटला डब्ल्यू. मुलींचा संघ नव्हता आणि तो का नाही, हे विचारायचं मलाही सुचलं नाही. बायकांच्या क्रिकेटचा इतिहास आपल्या पुण्यातच घडत होता, हे मला फार उशिरा कळलं.

1973 साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढे तीनच वर्षांनी वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. बंगळूरच्या पहिल्या कसोटीत पुण्याची एक सतरा वर्षांची लेगस्पिनर खेळली आणि पदार्पणातच डावात पाच बळी घेऊन गेली. तिचं नाव शुभांगी कुलकर्णी. सहा कसोटींची ती मालिका 1-1 अशी बरोबरीत सुटली. त्यातला पाटण्याचा विजय हा भारतीय महिलांचा पहिला कसोटी विजय.

तेव्हा या खेळात पैसा नव्हता. खेळाडू अनारक्षित डब्यातून प्रवास करत, वसतिगृहांत राहत आणि मोजक्या बॅटी आपसांत वाटून घेत. तरीही शुभांगीताई 1991 पर्यंत खेळल्या. 19 कसोटी, 700 धावा, सर्वोच्च 118, आणि 60 बळी. तीन कसोटींत त्यांनी देशाचं नेतृत्व केलं. 1985 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अष्टपैलू खेळाडूची उत्तम कारकीर्द म्हणून आपण हे आकडे वाचतो आणि पुढे जातो.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. तिथे पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: शून्य आणि रिकामा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्याचा अर्थ, मोजलं आणि काही मिळालं नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ, मोजण्याची वेळच आली नाही. शुभांगीताईंची कारकीर्द तारखांच्या क्रमाने मांडून पाहिली, तेव्हा मला हे रिकामे रकाने दिसले. जानेवारी 1977 नंतर भारतीय महिला पुढची कसोटी खेळल्या त्या थेट 1984 साली. मधे 1978 आणि 1982 चे विश्वचषक झाले, पण कसोटी एकही नाही. मग 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर पुन्हा खंड, तो थेट 1991 पर्यंत. 1988 च्या विश्वचषकाला भारताने संघच पाठवला नाही. म्हणजे पंधरा वर्षांच्या कारकिर्दीतली बारा वर्षं कसोटीविना गेली, आणि तीही ऐन उमेदीची. त्या बारा वर्षांत त्या अपयशी ठरल्या नाहीत. त्यांना मैदानच मिळालं नाही. मला या 60 बळींचं मोल वाटतं ते म्हणूनच. सात वर्षं कसोटी नसताना लेगस्पिनसारख्या अवघड कलेवर हात बसलेला ठेवायचा, तर रोज नेटमध्ये जावं लागतं, पुढचा सामना कधी होईल हे ठाऊक नसताना.

खेळणं थांबल्यावर त्यांनी घरी बसणं पत्करलं नाही. 2006 साली महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली गेलं, तेव्हा त्या महिला संघटनेच्या सचिव होत्या. ज्या संघटनेने त्यांना घडवलं, ती विसर्जित होताना सह्या करणाऱ्यांत त्या होत्या. पुढच्या मुलींना मैदान, प्रशिक्षक आणि सामने मिळावेत, हा त्यातला व्यवहार.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात दीप्ती शर्माने 58 धावा केल्या आणि पाच बळी घेतले. टीव्हीसमोर बसून, जुनी सवय म्हणून, मी एका वहीत तिची षटकं लिहीत होते. शेजारी माझी भाची होती. ती म्हणाली, "मावशी, तू खेळायचीस का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मी लिहायचे."

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याच्या दुपारी शाळेच्या मैदानावर मुलींचा एक सामना ठेवू या. आपल्या वयाला झेपेल तेवढ्या षटकांचा. स्कोअरबुक या वेळी मुलांपैकी कुणीतरी लिहा.