मौनाचीं तीन मिनिटें

बिनतारी संदेशाच्या बाल्यावस्थेंत आकाश ही सर्वांची सामाईक वाट होती. परंतु त्या वाटेवरून जाण्याचे नियम अपुरे होते. ठिणगीयंत्राच्या लहरी ऐसपैस पसरत. जवळचें केंद्र बोलूं लागलें कीं दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज त्यांत बुडून जाई. १९०३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मार्कोनीच्या यंत्राचें प्रात्यक्षिक चाललें असतां नेव्हिल मॅस्केलिन यानें दुसऱ्या यंत्रावरून चेष्टेचे संदेश घुसविले आणि हा दोष उघडा पाडला. ती थट्टा होती. नऊ वर्षांनीं मात्र गोष्ट प्राणावर बेतली.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं 'टायटॅनिक' जहाजावरील बिनतारी अधिकारी जॅक फिलिप्स न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे उतारूंचे खासगी निरोप धाडीत होता. अकराच्या सुमारास 'कॅलिफोर्नियन' जहाजावरून सिरिल इव्हान्स यानें बर्फामुळें आपलें जहाज थांबल्याचें कळविलें. तें जहाज जवळ असल्यामुळें त्याचा आवाज फिलिप्सच्या कानांत कर्कश घुमला. आपण कामांत आहों, गप्प राहा, असें त्यानें इव्हान्सला खडसावलें. इव्हान्स हा त्या जहाजावरील एकटाच बिनतारी अधिकारी. दिवसभर राबलेला तो कांहीं वेळानें यंत्र बंद करून निजला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं टायटॅनिक हिमनगावर आदळलें. त्यानंतर मदतीची हांक उठली, तेव्हां शेजारच्या जहाजाचा कान मिटलेला होता. सुमारें दीड हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं.

फिलिप्स कामचुकार नव्हता. तो अखेरपर्यंत हांका मारीत राहिला. उणीव होती ती शिस्तीची. त्याच वर्षीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकेनें कायदा करून हौशी लोकांस २०० मीटर व त्याखालील लहरींवर धाडलें आणि संकटाच्या हांकेस अग्रमान दिला. पुढें समुद्रावर असा नियम रूढ झाला कीं, दर तासास पंधराव्या व पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटें ५०० किलोसायकलवर सर्वांनीं मौन धरून केवळ ऐकावें. जहाजांवरील बिनतारी कक्षाच्या घड्याळांत तेवढा भाग तांबडा रंगविलेला असे.

१९९९ सालीं उपग्रहांची साथ असलेली नवी व्यवस्था पूर्णपणें अमलांत आली आणि हा प्रघात इतिहासजमा झाला. तत्त्व मात्र टिकलें आहे. विमान सुटतांना खिशांतील दूरध्वनीचें प्रसारण बंद ठेवावयास सांगतात, तेव्हां प्रवासी क्षणभर कुरकुरतो. वैमानिकाच्या कानावर येणारा एखादा मंद आवाज त्या मौनामुळेंच निर्वेध राहतो.