पंखा ओढायचं यंत्र आणि एक पेटंट फर्म

मंडळी, भारतातलं पहिलं पेटंट कशाचं असेल? नीळ, ताग, वाफेचं इंजिन असं काहीतरी भारदस्त डोळ्यासमोर येतं ना? निघालं पंख्याचं! छताला टांगलेला तो लांबलचक कापडी पंखा. साहेब आत जेवतोय किंवा घोरतोय, आणि बाहेर व्हरांड्यात एकजण तासन् तास दोरी ओढतोय. ती दोरी यंत्राने ओढायची, एवढीच आयडिया. (दोरीवाल्याच्या पोटाचं काय, हे अर्जात विचारत नाहीत. आजही नाहीत.)

अर्जदार जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग, सिव्हिल इंजिनियर, 7, ग्रँट्स लेन, कलकत्ता. गंमत तारखांची आहे. कायदा झाला फेब्रुवारी 1856 च्या अखेरीस, आणि याचा अर्ज 3 मार्चचा! 2 सप्टेंबरला आकृत्यांसकट सगळा तपशील दिला, तो मान्यही झाला. तेव्हा 'पेटंट' नाही, 'एक्स्क्लूझिव्ह प्रिव्हिलेज' म्हणत. मुदत 14 वर्षं.

आणि पुढच्याच वर्षी कायदाच रद्द! का, तर तो करताना राणी सरकारची मंजुरी घेतली नव्हती. नवा कायदा यायला 1859 उजाडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट लाइव्ह, आणि खालचं सर्व्हरच कुणीतरी उचलून नेलं.

याच डीपेनिंगच्या नावाची 'डीपेनिंग अँड डीपेनिंग' ही फर्म आपलं जन्मसाल 1856 सांगते. आज मुख्य कचेरी चेन्नईत. मला यात नवल वाटतं ते हे, की पंखा कधीच गेला, पण अर्ज करण्याची कटकट टिकली, आणि धंदा त्या कटकटीचाच आहे. परदेशातल्या कंपनीला इथे नोटिसा घ्यायला भारतातला पत्ता लागतो, दाव्यांची भाषा घासूनपुसून लागते, आणि मुख्य म्हणजे तारखा सांभाळणारं कुणीतरी लागतं. एक तारीख हुकली की हक्क गेला.

अशा फर्मांना खरा फटका दिला तो 1970 च्या कायद्याने (लागू 1972). औषध आणि अन्न यांच्या पदार्थावर पेटंट बंद, फक्त बनवण्याच्या कृतीवर, तेही फार तर 7 वर्षं. आपल्या औषध कंपन्यांनी याचं सोनं केलं, पण गिऱ्हाईक बहुतेक परदेशी असलेल्या या धंद्यात अर्ज रोडावले. मला विचाराल तर सौदा देशाच्या फायद्याचाच होता. मग 1995 त जागतिक व्यापार संघटना आली, आणि 2005 पासून औषधाच्या पदार्थावरही पुन्हा पेटंट मिळू लागलं.

राहता राहिलो आपण. कलम 3(के) म्हणतं, कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'पर से' पेटंटयोग्य नाही. म्हणजे नुसता प्रोग्रॅम नाही. मग 'नुसता' कधी नाही? या दोन लॅटिन शब्दांवर आज कित्येक पेटंट एजंटांची चूल पेटते.