घंटेबाहेरची शाळा

एखाद्या शाळेचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे तो कसा लिहिला जातो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोनशिला कोणी बसविली, देणगी कोणी दिली, मुख्याध्यापक कोण कोण झाले, शालान्त परीक्षेस शेंकडा किती मुलें उतरलीं आणि त्यांपैकीं किती जण पुढें मोठ्या हुद्द्यांवर चढले, एवढें सांगितलें कीं इतिहास पुरा झाला असें समजण्यांत येतें. हें सारें नोंदून ठेवण्याजोगें आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु घंटा झाली, मास्तर वर्गाबाहेर गेले, आणि मग मुलांनीं आपण होऊन काय केलें, हें या इतिहासांत सहसा सांपडत नाहीं. आमच्या मतें शाळेची खरी कसोटी तेथेंच लागते. ठाणें शहराचें एक उदाहरण घेऊन हें मत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

ठाण्याचा टेंभी नाका आज नवरात्रांतील देवीच्या उत्सवामुळें सर्वांस माहीत आहे. याच परिसरांत बेने इस्राएलांचें १८७९ सालीं बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. आणि बेहरामजी जिजीभाई (१८२२–१८९०) या पारशी धनिकांचें नांव धारण करणारें बी. जे. हायस्कूलही येथलेंच. एका नाक्याभोंवतीं इतक्या समाजांच्या खुणा एकत्र याव्या, हें ठाण्याच्या स्वभावास धरूनच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी येथें येऊन थांबली, तेव्हां हें गांव मुंबईशीं जोडलें गेलें खरें. पण पुढें बराच काळ तें लहानच राहिलें. जिल्ह्याची कचेरी, किल्ल्यांतील तुरुंग, तलावाकांठचें कौपिनेश्वराचें देऊळ, खाडी आणि मिठागरें, एवढ्यांत त्याचा संसार आटोपत असे. अशा गांवांतील शाळा कशी होती, तें आतां पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गांवोगांवची शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. देवळाची ओवरी किंवा एखाद्या सुखवस्तु गृहस्थाची पडवी हीच तिची इमारत. धूळपाटीवर अक्षरें गिरवावीं, मग बोरूनें मोडीचें वळण घोटावें, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी करावी, आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून परवचा म्हणावा, असा तेथील क्रम. छडी होती, अंगठे धरणें होतें, त्याहून कठोर शिक्षाही होत्या. तोंडी हिशेब तेथें उत्तम येई. परंतु ‘असें कां?’ म्हणून विचारण्याची सोय नव्हती.

१८५४ च्या खलित्यानंतर १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत सरकारी विद्याखातें उभें राहिलें आणि शाळेचें रूप पालटलें. बाकें, फळा, नकाशा, हजेरीपट आणि तासांची घंटा हीं आलीं. मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलीं बालबोध वाचनपुस्तकें मुलांच्या हातीं पडलीं. परशुरामतात्या गोडबोले यांच्या १८५४ सालच्या ‘नवनीता’मुळें जुन्या कवींची ओळख वर्गांत होऊं लागली. ‘डिपोटी येणार’ या एका वार्तेनें मास्तरांपासून शिपायापर्यंत सर्वांची तारांबळ उडूं लागली. पंतोजीच्या लहरीच्या जागीं नियम आला, हा मोठाच लाभ होय. मात्र नियमाबरोबर परीक्षाही आली, आणि हळूहळू परीक्षेंत जें विचारतात तेंच ज्ञान, अशी समजूत रूढ झाली.

या समजुतीचा फटका मराठीस बसला. इंग्रजी शाळेच्या वरच्या इयत्तांत इतिहास व भूगोलदेखील इंग्रजींतून शिकावे लागत. विश्वविद्यालयानें तर १८६० नंतरच्या दशकांत देशी भाषांस वरच्या परीक्षांतून रजा दिली. न्यायमूर्ति रानडे यांनीं दीर्घकाळ खटपट केली, तेव्हां कोठें विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीस एम्. ए. च्या परीक्षेंत पुन्हां स्थान मिळालें. मधल्या पिढीच्या हुशार मुलास आपली भाषा घरीं बोलण्यापुरतीच आहे असें वाटलें, तर दोष त्याचा नव्हता. वेळापत्रक त्यास तेंच शिकवीत होतें.

अशा काळांत ठाण्यास जनार्दन बाळाजी मोडक हे शिक्षक होते. १८७८ सालीं पुण्यास निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’च्या संपादकांपैकीं ते एक. काशिनाथ नारायण साने यांनीं त्यांत बखरींचा भाग संभाळला, तर मोडकांनीं काव्याचा. ठाण्याच्या शाळेंत शिकणारे विनायक लक्ष्मण भावे (जन्म १८७१) यांस जुन्या मराठी काव्याची गोडी लागली ती या मोडकांच्या सहवासांत. जुन्या पोथ्यांचें हें वेड कोणत्याही अभ्यासक्रमांत बसणारें नव्हतें, आणि त्यास गुण देणारा परीक्षकही नव्हता. शिक्षकाला स्वतःला एका विषयाचा ध्यास होता, आणि तो विद्यार्थ्यास दिसला, एवढेंच घडलें.

त्याचें फळ लौकरच दिसूं लागलें. १ जून १८९३ रोजीं भावे यांनीं विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या साह्यानें ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. मराठी ग्रंथांचाच संग्रह करावा, हा त्याचा संकल्प होता. या वेळीं भाव्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें आणि ते अद्याप विद्यार्थीच होते, बी. एस्सी. ची पदवी त्यांस मिळाली ती १८९५ सालीं. मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें १८९८ सालीं, म्हणजे पांच वर्षांनीं. शास्त्राचा अभ्यास करणारा एक तरुण एका लहान गांवांत अशी संस्था उभारतो, ही गोष्ट कोणत्या शाळेच्या अहवालांत लिहावयाची? आम्ही म्हणतों, ती मोडकांच्या शाळेच्या खात्यावर जमा करावी.

पुढें मिठाचा व्यापार संभाळून भाव्यांनीं ‘महाराष्ट्र कवि’ हें मासिक चालविलें, तुकारामबुवांचा अस्सल गाथा प्रसिद्ध केला, आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. प्रथम १८९८ च्या सुमारास ‘ग्रंथमाले’तून आलेला हा निबंध वाढत वाढत १९१९ सालीं भल्या मोठ्या ग्रंथाच्या रूपानें बाहेर पडला. पुढील संशोधनानें त्यांतील पुष्कळ विधानें दुरुस्त केलीं आहेत. परंतु दुरुस्त करण्यास ग्रंथ अगोदर असावा लागतो.

विद्यार्थ्यांच्या स्वयंस्फूर्त उद्योगाचें हें पहिलें उदाहरण नव्हे. १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं व तरुण शिक्षकांनीं ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तेथें निबंध वाचले जात, वाद होत, आणि १८४९ सालीं याच मंडळींनीं आपला फुरसतीचा वेळ देऊन मुलींच्या शाळा चालविल्या. दादाभाई नवरोजी त्यांतलेच. विद्यार्थ्यांचें हें बळ सरकारही ओळखून होतें. १९०७ सालीं हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले साहेबांनीं परिपत्रक काढून विद्यार्थ्यांस राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त केला, तो उगीच नव्हे.

येथें आमच्या प्रतिपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. घंटेबाहेरची शाळा त्यासच लाभते, ज्यास घंटेआंतील शाळेंत प्रवेश मिळतो. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास घेण्याचें नाकारलें गेलें, आणि त्याचा अर्ज सरकारदरबारीं जाऊनही त्यास तेव्हां शाळेचें दार उघडलें नाहीं. ज्या काळाचें आम्ही कौतुक करीत आहों, त्याच काळांत किती मुलांच्या अंगचे गुण अशा दारांशींच अडून राहिले असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालांत नाहीं. तसेंच परीक्षेचीही निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. गरिबाच्या मुलास नोकरीचें दार उघडून दिलें तें परीक्षेनेंच. ज्याच्या घरीं पोथ्यांची पेटी नव्हती, त्यास तिचाच आधार होता.

म्हणून आमचें मागणें माफक आहे. आज मराठी शाळांचा पट घटत असल्याची चिंता सर्वत्र व्यक्त होते, आणि तीवर उपाय म्हणून निकाल वाढविण्याच्या योजना पुढें येतात. निकाल वाढावे, पण त्याबरोबर शिक्षकाच्या वेळापत्रकांत कांहीं रिकामी जागाही राहूं द्यावी. हस्तलिखित मासिक, वक्तृत्वसभा, संमेलन हीं मुलांनीं काढावीं, मोठ्यांनीं काढून त्यांच्या हातीं देऊं नयेत. आणि शिक्षकास स्वतःस कशाचा तरी नाद असावा. तो पोथ्यांचा असो, पक्ष्यांचा असो कीं गणिताचा असो.

ठाण्याचें ग्रंथसंग्रहालय आज सव्वाशें वर्षें ओलांडून गेलें आहे. तेथें पुस्तक मागावयास येणाऱ्या मुलास मोडकमास्तरांचें नांव बहुधा ठाऊक नसतें. शाळेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं तें त्यास सांगावें, एवढ्यासाठींच हा लेख.