नळ आणि शिसे : कृष्णा खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

नळजोडणी करणाऱ्या कारागिरास मराठीत सर्रास ‘प्लंबर’ म्हणतात. हा शब्द शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावापासून आला आहे. व्यवसायाला ज्या धातूने नाव दिले, त्या धातूचे नळ महाराष्ट्रात मात्र युरोपाप्रमाणे सार्वत्रिक झाले नाहीत. त्यामुळे पिण्याच्या पाण्यातील शिसे हा केवळ पाश्चात्य नगरांचा प्रश्न होय, असा ग्रह सहज होतो. तो बरोबर नाही. येथे शिसे नळाच्या रूपाने नव्हे, तर नळाच्या सांध्यातून, मुलाम्यातून आणि अखेरीस नव्या कृत्रिम पदार्थाच्या घडणीतून आले. म्हणूनच ते दूर करण्याचा मार्गही येथे निराळा आहे.

प्रथम पाश्चात्य अनुभव पाहू जाता असे दिसते की, शिशाविषयीची शंका फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाने शिशाच्या नळापेक्षा मातीचा नळ आरोग्यास हितकर असल्याचे लिहून ठेवले होते. तरीही वाकविण्यास व जोडण्यास सुलभ म्हणून शिसेच टिकले. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोसारख्या नगरांनी दूरच्या सरोवरांचे मृदू पाणी आणले, तेव्हा एक नवे सत्य प्रत्ययास आले. जड पाण्यातील क्षारांचा पातळ थर नळाच्या आत बसतो व धातूला झाकतो. मृदू व किंचित आम्ल पाणी असा थर बसू देत नाही आणि शिसे विरघळविते. अर्थात धोका नळात असतो तितकाच पाण्यातही असतो. अमेरिकेत शिशाच्या नव्या नळांना १९८६ मध्ये बंदी झाली. २०१४ मध्ये फ्लिंट नगराने पाण्याचा उगम बदलला, पण गंजरोधक द्रव्य घातले नाही. तेव्हा वर्षानुवर्षे शांत असलेल्या नळांतून शिसे घरोघर पोचले. जुने नळ दहा वर्षांत काढून टाकण्याचा नियम तेथे व्हावयास २०२४ साल उजाडले.

दख्खनची परंपरा यापासून वेगळी होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस, पाणी आणले ते भूमिगत नहरीने. त्या नगरातील पाणीवाटपात खापरी नळांना महत्त्वाचे स्थान होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव दगडी मार्गाने पुण्यातील हौदांत येऊ लागले. दगड, चुना आणि भाजलेली माती ही त्या व्यवस्थेची मुख्य सामग्री होती. तिच्यात गळती होई, गाळ साचे. परंतु शिशाचा विषप्रयोग तिच्याकडून संभवत नव्हता.

इंग्रजी अमदानीत हे चित्र पालटले. मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळू लागले आणि दाबाखालील बिडाच्या नळांचे युग सुरू झाले. अशा नळांचे सांधे भरताना खोबणीत प्रथम सुताची दोरी ठोसत व तिच्यावर शिशाचा रस ओतत. येथे पाण्याचा शिशाशी संपर्क अल्प असे. घरगुती जोडणीसाठी पुढे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ रूढ झाला. त्या मुलाम्यातील जस्तात आणि पितळी तोटीतही थोडे शिसे असेच. तथापि या सर्वांचे प्रमाण संपूर्ण शिशाच्या नळाच्या तुलनेने मर्यादित राहिले. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणीही बहुधा जड असल्याने काही अंशी संरक्षण देणारे होते.

खरा पालट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. सांगलीलगतचे माधवनगर ज्या पुणे-मिरज लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आहे. तेथील पंपांनी कृष्णा खोऱ्यातील पाणी उचलण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती दिले. पुढे पंपामागोमाग पीव्हीसीचा नळ आला. हलका, स्वस्त व न गंजणारा म्हणून तो उसाच्या शेतातून घराच्या तोटीपर्यंत पोचला. परंतु पीव्हीसी तापविताना विघटन पावते. ते टाळण्यासाठी कारखाने त्यात स्थिरकारक द्रव्य घालत, आणि ते द्रव्य दीर्घकाळ प्रायः शिशाचे क्षार हेच होते. नळ नवा असताना त्याच्या आतील पृष्ठभागावरील शिसे पाण्यात अधिक उतरते. गंजलेला लोखंडी नळ काढून नवा बसविणाऱ्या कुटुंबास सुरक्षिततेची खात्री वाटावी, नेमक्या त्याच वेळी हा धोका अधिक असे.

शिशाचा घात विशेषतः बालकांवर होतो. मेंदूची वाढ व आकलनशक्ती यांवर त्याचा परिणाम अत्यल्प प्रमाणातही होतो. त्याची निर्धोक अशी मात्रा आढळलेली नाही. भारतीय मानक संस्थेने पेयजलातील शिशाची मर्यादा २०१२ मध्ये लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठरविली. १९९१ च्या मानकात ती ०.०५ होती. पेट्रोलमधील शिसे देशात २००० मध्ये गेले. पीव्हीसी नळांविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये निर्देश दिले आणि केंद्र शासनाने २०२१ मध्ये शिसेयुक्त स्थिरकारकांविरुद्ध नियम केले. कॅल्शियम-जस्ताची संयुगे हा त्यांचा पर्याय होय.

नियम मात्र पुढच्या नळास लागू होतो. जमिनीखालच्या नळास तो बाहेर काढीत नाही. म्हणून माधवनगरसारख्या गावात नळ बदलणे ही निव्वळ बांधकामाची बाब राहत नाही. कोणत्या गल्लीत कोणत्या साली कोणता नळ पुरला, याची नोंद हेच तेथे आरोग्यरक्षणाचे पहिले साधन ठरते. ती नोंद असेल तर तपासणी नेमकी करता येते, जुना नळ अर्धवट न तोडता सबंध बदलता येतो व नवा नळ वापरण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुता येतो. खापरी नळाच्या काळी नहरीचा माग मातीतून काढता येत असे. आजच्या नळाचा माग काढण्यास दप्तरच हवे.