काजळीचं विष कुणी केलं?

साल १७७५, लंडन. सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी लिहिलं: लहानपणी धुराड्यात उतरून काजळी काढणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो. १९३३ मध्ये कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन वेगळं काढलं गेलं. काजळीतही तेच असतं.

पण खरी मेख पुढे आहे. हे रसायन स्वतः डीएनएला चिकटत नाही. ते तेलकट, लघवीवाटे जाईना. म्हणून शरीरातली एन्झाइम्स त्याला ऑक्सिजन जोडतात. या खटाटोपात एक जहाल रूप तयार होतं आणि तेच डीएनएला घट्ट चिकटतं. हे लंडनमधल्याच संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवलं. म्हणजे साफसफाई करतानाच शरीर विष बनवतं!

सिगारेटच्या धुरातही बेंझोपायरीन असतंच. त्या पोरांना पोटासाठी धुराड्यात उतरावं लागायचं. सिगारेट मात्र आपणच पेटवतो.