आल्पुहाराची खडीची वाट

डांबरी रस्ता सोडून खडीच्या आणि मातीच्या वाटांनी लांबचा पल्ला गाठण्यासाठी बनविलेली एक सायकल गेल्या वीसेक वर्षांत युरोप-अमेरिकेत फार लोकप्रिय झाली आहे. तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र चांगले रुंद, आणि उभ्या चढावर दम निघू नये म्हणून हलके गिअर, अशी तिची साधी घडण. दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया हा प्रदेश या सायकलस्वारांना विशेष प्रिय आहे. पाऊस कमी, त्यामुळे वाटा बहुतेक काळ कोरड्या. आणि जुन्या वाटांना तर तेथे तोटाच नाही. मेंढपाळांचे कळप डोंगरातून मैदानात आणि मैदानातून डोंगरात नेण्याचे शेकडो वर्षांचे मार्ग १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखले गेले आहेत. बंद पडलेल्या लोहमार्गांचे रूळ काढून त्या जागी सायकलींसाठी वाटा केल्या आहेत. ऑलिव्हच्या बागांतून जाणाऱ्या शेतवाटा आणखी वेगळ्या.

या लेखात मात्र सायकलीपेक्षा तिच्या चाकाखालच्या वाटेकडे आपल्याला अधिक पाहायचे आहे. ग्रानाडा शहरातून निघून सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावरील आल्पुहारा नावाच्या डोंगरी मुलखात जाणारी ही वाट. या पर्वताला प्रदक्षिणा घालणारा, आठ टप्प्यांत विभागलेला ‘ट्रान्सनेवादा’ हा सुमारे ४५० किलोमीटरांचा सायकलमार्गही याच मुलखातून जातो. मोटारीतून गेलेला प्रवासी येथील पांढरी घरे पाहून परततो. सायकलवरून जाणाऱ्याला थांबावे लागते, पाणी मागावे लागते, गावांची नावे वाचावी लागतात. सोळाव्या शतकात ख्रिस्ताच्या नावाने या वाटेवर जे बरे आणि वाईट घडले, त्याच्या खुणा मग एकेक दिसू लागतात.

आरंभ ग्रानाडातच करावा. तेथील राजकीय चॅपेलमध्ये राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांच्या समाध्या आहेत. मुख्य वेदीमागील कोरीव पटाच्या खालच्या भागात फेलिपे बिगार्नी या शिल्पकाराने सुमारे १५२० च्या सुमारास लाकडात दोन प्रसंग कोरले. एकात ग्रानाडाचा शेवटचा मुस्लीम सुलतान बोआबदिल शहराबाहेर येत आहे. दुसऱ्यात संन्यासी मुस्लीम स्त्रीपुरुषांना घाईघाईने स्नानसंस्कार देत आहेत. बुरख्यात गुरफटलेल्या स्त्रिया ओळीने उभ्या आहेत. विजयाचे स्मारक म्हणूनच हे शिल्प कोरले गेले असणार; आजचा ख्रिस्ती माणूस त्या स्त्रियांच्या चेहऱ्यांकडे फार वेळ पाहू शकत नाही.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडा ख्रिस्ती राजांच्या ताब्यात आले, ते लेखी तहाने. मुसलमानांच्या मशिदी, त्यांचे न्यायाधीश, त्यांच्या चालीरीती अबाधित राहतील, कोणालाही बळाने ख्रिस्ती केले जाणार नाही, असे वचन त्या तहात होते. शहराचे पहिले आर्चबिशप म्हणून राणीचे पापनिवेदक फादर एर्नान्दो दे तालावेरा यांची नेमणूक झाली. वयाची साठी उलटलेल्या या संन्याशाने अरबी भाषेचे धडे घेतले आणि आपल्या धर्मगुरूंनाही ती शिकण्यास सांगितले. त्यांच्याच प्रेरणेने पेद्रो दे आल्काला यांनी रचलेले अरबी व्याकरण आणि शब्दकोश १५०५ मध्ये ग्रानाडात छापले गेले. त्यातील अरबी रोमन लिपीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीतच छापले गेले, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या योगायोगाची मौज वाटेल. मुसलमान तालावेरांना ‘पवित्र फकीह’ म्हणत. फकीह म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार.

ही वाट लांबची होती, आणि राजसत्तेला लांबच्या वाटेचा धीर क्वचितच असतो. १४९९ मध्ये तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस ग्रानाडात आले. हा माणूस मोठा विद्वान होता, आल्काला विद्यापीठाचा संस्थापक, अनेक भाषांतील बायबलच्या महान आवृत्तीचा आश्रयदाता. त्याच हातांनी त्यांनी चौकात अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाचे काही ग्रंथ तेवढे वाचले. सामुदायिक स्नानसंस्कार सुरू झाले आणि आल्बाइसिन या टेकडीवरील मुस्लीम वस्तीत बंड पेटले. तेव्हा तालावेरा पुढे क्रूस आणि बरोबर मोजके सेवक घेऊन त्या संतप्त जमावात गेले, आणि लोक त्यांच्या झग्याच्या काठाचे चुंबन घेऊ लागले, असे इतिहासकार मार्मोल कार्वाहाल यांनी नोंदवले आहे. आल्हाम्ब्राचे सुभेदार, तेन्दिल्याचे काउंट यांनी तर आपली पत्नी आणि मुले विश्वासाची ओलीस म्हणून त्याच वस्तीत ठेवली. बंड शमले. परंतु बंडाने तह मोडला, असा अर्थ दरबाराने लावला आणि १५०२ च्या फर्मानाने कास्तिल्याच्या साऱ्या राज्यातील मुसलमानांपुढे दोनच मार्ग उरले, स्नानसंस्कार किंवा देशत्याग. जे राहिले त्यांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. तालावेरांचा शेवट क्लेशकारक झाला. इन्क्विझिशनने त्यांच्या आप्तांना कैद केले, त्यांच्यावरही आरोप ठेवले. पोपमहोदयांनी त्यांना निर्दोष ठरविले आणि १५०७ मध्ये ते निवर्तले.

शहर सोडून दक्षिणेकडे निघाले की सुमारे ८६० मीटर उंचीवर एक खिंड लागते. ‘मूराचा उसासा’ हे तिचे नाव. बोआबदिलने येथून आपल्या शहराकडे शेवटचे पाहिले आणि तो रडला, ही कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. ती दंतकथाच आहे; तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही. खिंडीपलीकडे लेक्रिनचे खोरे, संत्र्या-लिंबांच्या बागा, आणि मग ताब्लातेची घळ. घळ खोल आणि अरुंद आहे, तिच्यावर वेगवेगळ्या काळांतले पूल जवळजवळ उभे आहेत. आल्पुहाराचे दार म्हणतात ते हेच.

तालावेरांनंतरच्या दोन पिढ्यांत मोरिस्कोंनी पैसे भरून आपल्या चालीरीतींसाठी सवलत मिळवली होती. १ जानेवारी १५६७ रोजी राजा फिलिप दुसरा याच्या हुकुमाने ती संपली. तीन वर्षांत कास्तिल्याची भाषा शिकायची, त्यानंतर अरबी बोलायची नाही, लिहायची नाही. पोशाख, बुरखा, हमामखाने, अरबी नावे सारे बंद. १५६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री आल्पुहारात उठाव झाला. बेस्नार गावी व्हालोरच्या एका तरुण सरदाराला आबेन हुमेया या नावाने राजा घोषित करण्यात आले. उठाववाल्यांनी चर्चे जाळली, धर्मगुरूंना हालहाल करून मारले. तो संहार भयंकर होता, आणि अन्यायाची भरपाई म्हणून त्याकडे काणाडोळा करणे योग्य नाही.

जानेवारी १५६९ मध्ये मोन्देहारचे मार्क्विस सैन्य घेऊन ताब्लातेला पोहोचले, तेव्हा शत्रूने पूल मोडून मोजकी लाकडे तेवढी ठेवली होती. सैनिक कचरले. तेव्हा क्रिस्तोबाल दे मोलिना नावाचा एक फ्रान्सिस्कन संन्यासी एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात नंगी तलवार घेऊन त्या लाकडांवरून पलीकडे गेला, आणि मागोमाग सैन्य गेले. त्याच्या धैर्याचे नवल वाटते. ओर्हिवाच्या बुरुजात स्त्रीपुरुष वेढ्यात अडकले होते. त्यांची सुटका या सैन्यामुळेच झाली, हेही खरे. हे मार्क्विस म्हणजे १४९९ मध्ये कुटुंब ओलीस ठेवणाऱ्या काउंटचे नातू. नव्या फर्मानाला त्यांचा स्वतःचा विरोध होता. ते ऐकले गेले नाही आणि लढण्याचे काम मात्र त्यांच्याकडे आले.

ओर्हिवाहून पोकेइराच्या दरीचा चढ लागतो. पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही तीन गावे एकावर एक रचल्यासारखी, शेवटचे साधारण १,४०० मीटर उंचीवर. घरे धाब्याची: चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर दगडी फरशा आणि वर करड्या मातीचा थर. उत्तर आफ्रिकेतील ॲटलस पर्वतात अशीच घरे आहेत. वाटेच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘आसेकिया’ म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. तळ्याला ‘आल्बेर्का’, टाकीला ‘आल्हिबे’, रहाटाला ‘नोरिया’, ऑलिव्हच्या तेलाला ‘आसेइते’, हे सारे शब्दही अरबीच. फर्मान काढून जी भाषा बंद केली, ती पाण्यातून आणि तेलातून राहिली.

या पाटांपैकी काहींची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. वसंतात उंचावरचे बर्फ वितळू लागले की ते पाणी पाटाने डोंगराच्या कुशीतून आडवे नेतात आणि जेथे जमीन सच्छिद्र आहे तेथे सोडून देतात. पाणी जिरते, खडकांतून हळूहळू उतरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, खालच्या गावांच्या झऱ्यांतून वर येते. धरण नाही, पंप नाही. सारा डोंगरच हौद. आपल्याकडील पाटकऱ्यासारखा माणूस तेथेही असतो, त्याच्या पाळीने पाणी फिरते. गावे ओस पडू लागल्यावर अनेक पाट बुजले होते. २०१४ पासून ग्रानाडा विद्यापीठातील संशोधकांनी गावकरी आणि स्वयंसेवकांसह त्यांतील काही पुन्हा वाहते केले आहेत. आटत चाललेल्या पावसाच्या काळात हजार वर्षांपूर्वीची युक्ती उपयोगी पडते आहे.

ती युक्ती ज्यांची, ते मात्र तेथे राहिले नाहीत. ऑस्ट्रियाच्या दॉन हुआन यांनी उठाव मोडला आणि १५७० च्या नोव्हेंबरात ग्रानाडा राज्यातील मोरिस्कोंना, उठावात नसलेल्यांनाही, पायी कास्तिल्याकडे हाकलण्यात आले. इतिहासकार एकूण संख्या सुमारे ८० हजार मानतात. थंडीने, भुकेने, तापाने पुष्कळजण वाटेतच मेले. एक राज्य रिकामे होताना पाहण्याइतके करुण दुसरे काही नसेल, अशा अर्थाचे दॉन हुआन यांनीच लिहून ठेवले आहे. रिकाम्या गावांत गालिसिया, आस्तुरियास, लेओन अशा दूरच्या प्रांतांतून माणसे आणून वसविली. नव्यांना पाट चालवायला शिकविण्यासाठी प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे ठेवून घेतली होती, असे तेथे परंपरेने सांगतात. उतरत्या छपरांच्या पावसाळी मुलखातून आलेल्या या लोकांनी धाब्याची घरे तशीच ठेवली. १६०९ ते १६१४ या वर्षांत तर साऱ्या स्पेनमधूनच सुमारे तीन लाख मोरिस्को समुद्रापार पाठविण्यात आले.

त्रेवेलेस, बेर्चुलेस मागे टाकून, आबेन हुमेयाचे व्हालोर ओलांडून वाट उहिहारला उतरते. येथील चर्चमध्ये ‘हौतात्म्याची माता’ म्हणून पवित्र मरियेची आराधना होते. १५६८ मध्ये या गावी धर्मगुरूंसह अनेक ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली आणि मूर्तीचीही विटंबना झाली, अशी परंपरा आहे.

याच उहिहारची आणखी एक आठवण कागदावर राहिली आहे. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाचा एक वृद्ध मोरिस्को लहानपणी तालावेरांच्या पदरी सेवक होता. १५६७ च्या फर्मानाविरुद्ध त्याने ग्रानाडाच्या न्यायसभेपुढे निवेदन दिले. पोशाख आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, तरी ते ख्रिस्तीच आहेत, असा त्याचा मुद्दा. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने कोंकणीवर बंदी घातली, तेव्हा हा युक्तिवाद कोणाला आठवला असेल असे वाटत नाही. त्याच निवेदनात तो सांगतो की आर्चबिशप आल्पुहाराच्या भेटीवर उहिहारला आले, तेव्हा मोरिस्कोंच्या साम्ब्रा या वाद्यमेळाने त्यांना मुक्कामापासून चर्चपर्यंत नेले. मिस्सामध्ये ऑर्गनऐवजी तीच साम्ब्रा वाजली. आणि ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे लॅटिनमध्ये म्हणण्याच्या जागी वेदीवरून तालावेरा लोकांकडे वळून अरबीत बोलले. दुसरी व्हॅटिकन परिषद तेव्हा साडेचारशे वर्षे दूर होती. न्यायसभेने म्हाताऱ्याचे निवेदन ऐकून घेतले आणि फर्मान कायम ठेवले.