गॅस कुठे भरावा, परवाना कोणाचा?

पाच व्यावसायिक सिलिंडर म्हणजे ९५ किलो गॅस. सहावा आणून ठेवला की साठा ११४ किलोंवर जातो आणि ढाबेमालक, त्याला ठाऊक असो वा नसो, परवान्याच्या कक्षेत येतो. गॅस सिलिंडर नियमांनुसार एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी विनापरवाना बाळगता येतो. त्यापुढील साठ्यासाठी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा, म्हणजेच 'पेसो'चा परवाना लागतो. 'पेसो'चे मुख्यालय नागपुरात असून पश्चिम विभागाचे कार्यालय नवी मुंबईत आहे. शहापुरातून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग आणि मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता यांवरील खाणावळींना ही मर्यादा ठाऊक असणे अगत्याचे आहे. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणे हा तर जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खालील स्वतंत्र गुन्हा ठरतो.

वाहनांत गॅस भरणाऱ्या केंद्राचे नियम याहून कडक आहेत. त्यास २०१६चे स्थिर व फिरते दाबपात्र नियम लागू होतात. जागेचा व बांधकामाचा आराखडा 'पेसो'ने मंजूर करावा लागतो. जिल्हा प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. उभारणीनंतर तज्ज्ञाकडून सुरक्षा तपासणी झाल्यावरच परवाना मिळतो. टाकी, वितरण यंत्र आणि शेजारची वस्ती यांत ठरावीक अंतर राखावे लागते. वाहन नळीसह पुढे सरकल्यास जोडणी सुटून गॅस आपोआप बंद होईल, अशी सोयही हवी. वाहनाची टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो. मुख्य म्हणजे या केंद्रावर वाहनात कायम बसविलेल्या टाकीतच गॅस भरता येतो. सिलिंडर पुढे करून 'थोडा भरून द्या' असे म्हणण्याची सोय नाही. ज्याला लहान सिलिंडर हवा, त्याच्यासाठी काही पेट्रोल पंपांवर पाच किलोचे सिलिंडर मिळतात. तेथेही रिकामा देऊन भरलेला घ्यायचा असतो.

एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस ओतणे बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारण निव्वळ कागदी नाही. प्रोपेन व ब्युटेनचे हे मिश्रण हवेपेक्षा जड असते. गळालेला गॅस वर न जाता गटारात, खड्ड्यात, तळघरात साचतो. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे २५० पट वाढते आणि हवेतील प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ठिणगी पुरते. पिंपरी-चिंचवडमधील ताथवडे येथे ८ ऑक्टोबर २०२३ रोजी टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरताना स्फोट झाले; जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्याही जळाल्या. टँकर तर महामार्गावरील प्रत्येक गावातून जातात.

पाड्यापाड्यांवर गॅस पोहोचविण्यास मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा हातभार लागला. सिलिंडर दारात उतरवून घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरील अक्षर व आकडा वाचावा. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर; आकडा वर्षाचा. 'डी-२७' असल्यास त्या सिलिंडरची पुढील चाचणी डिसेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. ही मुदत उलटलेला सिलिंडर ग्राहकाने नाकारावा. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते. मात्र फोन गॅसचा वास येत असलेल्या खोलीतून नव्हे, बाहेर मोकळ्या जागेत जाऊन करावा.